टाकीविना (इन्स्टंट) गिझर: दुकानात जाण्याआधी बादली भरून बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी डोक्यावरच, त्यामुळे नळाला जोर नाही. हे ध्यानात न घेता मी गॅस गिझर आणला आणि तो पेटेचना. या गिझरात पाण्याच्या दाबानेच गॅसची झडप उघडते नि ठिणगी पडते. तोच गिझर आता खाली सहाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पहिल्या फटक्यात पेटतो.

म्हणून आधी घड्याळ लावून बादली भरा. मिनिटाला तीन लिटरही येत नसेल तर गॅसचा विचार सोडा, नाहीतर प्रेशर पंपाचा खर्च धरा.

विजेचा इन्स्टंट गिझर कमी दाबावर चालतो, पण त्याची ताकद बेताची. 3 किलोवॅटचा गिझर 20 लिटरची बादली 25 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला सुमारे आठ मिनिटं घेतो. एकामागून एक चौघांना सकाळची गाडी पकडायची असेल तर घरात भांडणं ठरलेली. दोघांना पुरतो.

आता जागा. गॅस गिझर बाथरूममध्ये कधीही नको, खिडकी असली तरी नको. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो; आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघरालगतच्या धुण्याभांड्यांच्या मोकळ्या जागेत) लावा, धुराचा पाईप बाहेर काढा. मात्र स्लायडिंग खिडक्या लावून बाल्कनी बंद केली असेल, तर तीही बंद खोलीच समजा.

खरेदी करताना लेबल वाचा. सिलिंडरचा गिझर पाईप गॅसवर चालत नाही, दोन्हींचे नोझल वेगळे असतात. पाईप गॅस असेल तर जोडणी तो पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. नंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते स्वतः पाहा.

विजेच्या गिझरला 4 चौरस एमएमची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. वायरमन "चालतंय की" म्हणाला तरी जुन्या दिव्यांच्या लाइनवर जोडू देऊ नका.

विजेचा जुना गिझर काढताना एमसीबी पाडा, टेस्टर लावून खात्री करा, अँगल कॉक (गिझरला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करा, गरम नळ उघडा, खाली बादली ठेवा. जुने कॉक हमखास जाम होतात, त्यामुळे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला लागेल असं सेक्रेटरींना आदल्या दिवशीच सांगा. जुनी भोकं नव्याला बहुधा जुळत नाहीत. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर फास्टनरही (गिझर टांगायचे बोल्ट) त्याच भिंतीचे मागा.

नवा बसला की आधी गरम नळातून अखंड धार येऊ द्या, मगच बटण दाबा. कोरडी कॉइल क्षणात जळते आणि वॉरंटीत बसत नाही.

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षार साचतात, वर्षातून एकदा आतून साफ करून घ्या. गॅसची निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर मात्र गॅसचा कॉक बंद करा, मेकॅनिकला बोलवा आणि तोवर पातेल्यात पाणी तापवा.