सिम्युलेशनसाठी प्रोसेसर निवडताना या चुका टाळा

केवळ लिनपॅक या गणनावेग मोजणाऱ्या चाचणीचा आकडा पाहून प्रोसेसर निवडणे, ही मला सर्वाधिक वेळा दिसणारी चूक आहे. लिनपॅकमध्ये कॅशेत (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीत) एकदा आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरला जातो. पुराचा किंवा हवेच्या प्रवाहाचा सोल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) मात्र दर पायरीला जवळजवळ सगळी मेश (छोट्या पेशींचे जाळे) मेमरीतून ओढतो आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरचे गणना करणारे भाग, आकड्यांची वाट पाहत थांबतात. फुगाकू या जपानी महासंगणकाने लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १०^१५ गणना) नोंदवले, तर विरळ (बहुतांश शून्ये असलेल्या) मॅट्रिक्सच्या एचपीसीजी चाचणीत अवघे १६.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकच्या रामकुंडावर पाणी किती चढेल, हे काढण्यासाठी सातपूरच्या आमच्या छोट्या कार्यालयात ३२ कोअरचे यंत्र आले. लिनपॅक समाधानकारक होता, पण आमचा सोल्व्हर आठ कोअरनंतर पुढे सरकेना. तीन आठवडे आम्ही कम्पायलरचे पर्याय बदलत राहिलो. अखेर झाकण उघडले, तेव्हा आठ मेमरी चॅनेलपैकी (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील मार्गांपैकी) फक्त दोनांत ६४ जीबीच्या स्टिक सापडल्या. एकूण १२८ जीबीचा हिशोब जुळत असल्यामुळे कोणालाही शंका आली नव्हती. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या मेमरीच्या एका चॅनेलची कमाल गती सेकंदाला २५.६ जीबी, म्हणजे आम्हाला २०४.८ ऐवजी ५१.२ च मिळत होते. १६ जीबीच्या आठ स्टिक बसवताच उरलेले कोअर कामाला लागले. तेव्हापासून मी आधी स्टिक मोजतो, मग स्ट्रीम ही मेमरीची गती मोजणारी चाचणी चालवतो आणि त्यानंतरच सोल्व्हरला हात लावतो.

नवशिक्यांना दोन मिनिटांत उत्तर हवे असते, म्हणून ते छोटी मेश घेतात. एक लाख पेशी, प्रत्येकीत आठ बाइटचे दहा आकडे, म्हणजे जेमतेम ८ एमबी. एवढे आजच्या सर्व्हरच्या कॅशेत सहज मावते आणि मेमरीची परीक्षा होतच नाही. एक कोटी पेशींना ८०० एमबी लागतात, तिथे खरे चित्र दिसते. स्ट्रीममध्येसुद्धा प्रत्येक ॲरे (आकड्यांची यादी) शेवटच्या पातळीच्या एकूण कॅशेच्या किमान चौपट असावा, हा नियम याचसाठी आहे.

प्रोसेस ठरावीक कोअरला बांधल्याशिवाय घेतलेली वेळ मी वहीत लिहीत नाही. दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसरच्या) यंत्रावर ॲरेची सुरुवातीची मूल्ये एकाच थ्रेडने (प्रोग्रामच्या एकाच समांतर धाग्याने) भरू नयेत, कारण लिनक्स सहसा प्रथम लिहिणाऱ्या थ्रेडच्या बाजूच्या मेमरीत पान (मेमरीचा छोटा तुकडा) ठेवते.

टर्बोच्या (प्रोसेसरच्या तात्पुरत्या वाढीव गतीच्या) जोरावर पहिली काही मिनिटे फसवी असतात. मी अर्धा तास चाचणी चालवतो, पहिली दहा मिनिटे वगळतो आणि खोलीचे तापमानही नोंदवतो. नाशिकच्या मे महिन्यातील दुपारी वातानुकूलनाविना घेतलेला आकडा जानेवारीतील पहाटेच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही.