सांगलीत बिल्डरच्या ऑफिसला जॉईन होताय? पगाराचं आधी नीट समजून घ्या

जाहिरातीत लिहिलेलं असतं "25 ते 40 हजार कमवा, फ्रेशर चालेल, स्वतःची टू व्हीलर हवी". यातलं खरं वाक्य शेवटचं. बाकीच्यात पगार किती आणि आशा किती हे तुम्हालाच वेगळं करून विचारावं लागतं, समोरचा आपणहून सांगत नाही.

मी सांगली-मिरजेत याच लाईनला आहे. आधी टेलिकॉलिंग केलं, मग साईटवर सेल्स, आता सीआरएम बघते, म्हणजे बुकिंग झाल्यावर पुढचं साठेखत (विक्री ठरल्याचा करार), लोन, खरेदीखत (मालकी नावावर करणारा शेवटचा दस्त), पझेशन म्हणजे ताबा आणि कस्टमरची भांडणं. दरवर्षी रिझल्ट लागले की गावाकडची पोरं-पोरी विचारतात, ताई विश्रामबागला व्हेकन्सी आहे, जाऊ का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा लिहूनच टाकते.

फिक्स पगाराचं आधी. माझ्या बघण्यात आपल्याकडं टेलिकॉलरला 9 ते 12 हजार, सेल्सला नवीन असेल तर 13 ते 18, डिप्लोमावाल्या साईट इंजिनिअरला पण जवळपास तेवढेच, अकाउंटला टॅली येत असेल तर थोडे बरे. पुण्यातला मित्र आकडा सांगेल तो ऐकून नाराज होऊ नका, तिथलं रूमभाडं आणि मेसचं बिल पण विचारा त्याला. पण ऑफर 18 हजाराची आहे म्हटल्यावर 18 हातात येत नाहीत हे मात्र कळलं पाहिजे. समजा ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार 16 हजार आणि त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार 12 हजार. कंपनी तिचा पीएफचा हिस्सा 1440 आणि ईएसआयचे म्हणजे कर्मचारी विम्याचे 520 तुमच्याच सीटीसीत, म्हणजे तुमच्यावरच्या एकूण खर्चात धरते, म्हणून कागदावर 18 दिसतात. मग तुमच्या ग्रॉसमधून तुमचा पीएफ 1440, ईएसआय 120, प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की उरले 14,240. बायकांना 25 हजारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, 2023 पासून, तरी कापलेला मी बघितलाय, अकाउंटवाल्याला जाऊन सांगायचं, बहुतेक वेळा त्याला माहितीच नसतं. पीएफ कापतायत हे वाईट नाही, उलट चांगलंच आहे, फक्त कापलेले भरतायत का ते बघा. यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागून घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक उघडा. स्लिपवर कपात आणि पासबुकात शून्य, असं पण होतं. लहान ऑफिसात 20 पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफचं बंधनच नाही, तिथं रोख किंवा यूपीआयनं पगार येतो आणि स्लिपबिप काही नसतं. उद्या तुम्हाला टू व्हीलरचं लोन काढायचं झालं की तेव्हा त्रास होतो.

आता इन्सेंटिव्ह. सगळी गोम इथंच आहे.

इंटरव्ह्यूला सांगतात "अर्धा टक्का". 30 लाखाच्या फ्लॅटवर अर्धा टक्का म्हणजे 15 हजार, महिन्याला दोन फ्लॅट विकले की 30, झालं, पोरगं घरी जाऊन सांगतं महिना 45 पडणार. टक्का किती हा प्रश्न दुय्यम आहे, पहिला प्रश्न हा की इन्सेंटिव्ह *कधी* देय होतो. बुकिंगला, साठेखताला की खरेदीखताला? बुकिंगला कोणीच देत नाही, आणि ते एका अर्थानं बरोबरच आहे कारण 51 हजार टोकन देऊन पंधरा दिवसांनी "घरात जमंना" म्हणून परत न्यायला येणारे खूप असतात. साधारण पद्धत अशी की अर्धा साठेखताला, अर्धा बँकेचं लोन डिस्बर्स झाल्यावर किंवा खरेदीखताला. म्हणजे तुमच्या 15 हजारातले साडेसात आधी, साडेसात देवाला माहिती कधी. त्यात लीड म्हणजे कस्टमर चॅनल पार्टनरनं, बाहेरच्या एजंटनं आणलेला असेल तर तुमचा टक्का निम्मा. टीम लीडरचा वाटा वेगळा. आणि काही ठिकाणी स्लॅब असतो, महिन्यात तीन बुकिंग झाली तरच इन्सेंटिव्ह सुरू, दोन झाली तर ती दोन फुकट. पुढच्या महिन्यात धरणार का विचारलं की "बघू" म्हणतात.

आपल्याकडं हे जास्त लांबतं कारण कस्टमरचा पैसाच हंगामी आहे. आमच्या एका कस्टमरचं सांगते, वाळव्याकडचे शेतकरी, दसऱ्याला मुहूर्त म्हणून टोकन दिलं, साठेखताला म्हणाले ऊसाचं बिल येऊ दे. कारखान्यानं तोड उशिरा दिली, बिल फेब्रुवारीत आलं, मग मार्चएंडला बँकेचा मॅनेजर बदलला, फाईल परत फिरली, खरेदीखत झालं पावसाळ्यात. ज्या पोरानं ती साईट दाखवली, चहा पाजला, आजीला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेऊन आणलं, तो पोरगा तोपर्यंत नोकरी सोडून गेला होता आणि पॉलिसीत एक ओळ होती की पेमेंटच्या तारखेला माणूस कंपनीत कामावर असला तरच इन्सेंटिव्ह मिळेल. त्याचे पैसे गेले. ही ओळ जवळजवळ सगळ्यांच्या पॉलिसीत असते. जॉईन होताना ती वाचा आणि निदान साठेखत झालेल्या केसेसचा वाटा तरी राजीनाम्यानंतर मिळेल असं ईमेलवर लिहून मागा. व्हॉट्सॲपवर पण चालेल, पण तोंडी नको. आणि कॅन्सल झालेल्या बुकिंगचा दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापतात का हे पण त्याच वेळी विचारून घ्या, बहुतेक कापतात.

दुसरा मोठा कस्टमर म्हणजे विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली माणसं, गावाकडं येतात ती जत्रेला, दिवाळीला नाहीतर मे महिन्यात लग्नसराईला. आली की दोन दिवसात चार साईट बघून निर्णय घेतात, बोलणं थोडं आणि चोख. त्या दिवसात तुम्हाला सुट्टी मिळणार नाही हे गृहीत धरूनच जॉईन व्हा. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी पाडवा, या दिवशी घरची पूजा उरकून दहाला साईटवर. रविवारी तर कामच असतं, साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी. पण ती असलीच पाहिजे, लहान ऑफिसं सोडली तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला 8 किरकोळ रजा आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. सेल्सवाल्याला ओव्हरटाईम दिलेला मी आजवर बघितलेला नाही, खोटं कशाला सांगू, पण सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी मागा, ती मिळते, फक्त मागावी लागते.

पेट्रोल हा छोटा वाटणारा पण खिसा रिकामा करणारा विषय. विश्रामबागहून कुपवाड, तिथून बुधगावची प्लॉटिंगची साईट, परत मिरजेला बँकेत, रोज 40-50 किलोमीटर सहज होतात. "पेट्रोल अलाउन्स दीड हजार फिक्स" म्हणजे निम्मं पेट्रोल तुमच्या पगारातून. किलोमीटरप्रमाणे देतायत का विचारा. मोबाईल पण तोच प्रकार, कंपनीचं सिम मागून घ्या, नाहीतर तुमचा स्वतःचा नंबर सगळ्या कस्टमरकडं जातो आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं लोक रात्री साडेदहाला "पझेशन कधी" विचारत राहतात.

मुलींसाठी वेगळं सांगते. सँपल फ्लॅटला टॉयलेट चालू आहे का, प्लॉटिंगच्या साईटवर बसायला केबिन आहे का, हे इंटरव्ह्यूलाच विचारा, लाजू नका, मी विचारायचे आणि त्यावरनं कंपनी कशी आहे ते बरंचसं कळायचं. संध्याकाळी सहानंतर एकट्या कस्टमरबरोबर साईट व्हिजिटला जायचं नाही, ऑफिसबॉय किंवा सिक्युरिटी बरोबर पाहिजे, हा नियम मी स्वतः घालून घेतला आणि सरांना सांगितला, त्यांनी काही म्हटलं नाही. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असायलाच लागते. लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथं तक्रार करता येते.

आता सांगलीतला कायमचा प्रश्न. कुठलाही कस्टमर असू दे, दर विचारायच्या आधी विचारतो, "पाणी येतंय का हितं?" 2005, 2019, 2021 चे पूर लोक विसरलेले नाहीत. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी 45. नवीन पोराला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की म्हणायचं "छे, इथं कधीच नाही". असं म्हणू नका. एक गलाईवाले काका मी हेच "कधीच नाही" सांगत असतानाच माझ्याकडं न बघता शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीकडं गेले, रंग दिलेला होता तरी खालचा पट्टा फुगलेला, नखानं खरवडला, गाळाचा पिवळा थर निघाला. काही बोलले नाहीत, हात झटकला आणि गाडीत बसले. तेव्हा मी भिंतीच्या वर कुठंतरी बघत होते. त्यापेक्षा पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते माहिती करून घ्या आणि आहे ते सांगा, पार्किंगला पाणी आलेलं, पहिल्या मजल्याला नाही, असं. असं स्पष्ट सांगितल्यावर बुकिंग होतात, माझी झालीत. आणि पुराच्या दिवसात तुमच्या स्वतःच्या पगाराचं काय हे पण विचारा, कारण शामरावनगरला राहणारी आमची एक कलीग घरातलं सामान गच्चीवर चढवत होती आणि इकडं तिचे सगळे दिवस बिनपगारी लागले.

रोख रकमेबद्दल एकच, स्वतःच्या फोनपेवर किंवा हातात टोकन घ्यायचं नाही, शेठ म्हणाले तरी नाही. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. भानगड झाली की पावतीवर सही तुमची असते. स्टेटसला जाहिरात टाकताना पण प्रोजेक्टचा महारेरा नंबर (रेराच्या राज्यातल्या ऑफिसकडचा नोंदणी नंबर) आणि क्यूआर कोड आहे का बघा.

जॉईनिंगच्या वेळी ओरिजिनल मार्कलिस्ट जमा करून घेणारी कंपनी असेल तर तिथनंच परत या. झेरॉक्स द्या. नेमणूक पत्र मागा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमध्ये ते सगळ्यांना देणं बंधनकारक आहे, आणि सोडल्यावर पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसात द्यायचा असं पण त्यात आहे. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे वर्षातनं एकदा आयकराच्या साईटवर आपला 26एएस म्हणजे आपल्या नावानं कापलेल्या टॅक्सचा उतारा उघडून बघणे. टॅक्स कापला असेल तर तिथं कंपनीनं तुमचे पैसे पगार म्हणून दाखवलेत की कमिशन म्हणून ते कळतं. तुम्ही रोज साडेनऊला थंब लावताय आणि कागदावर मात्र कमिशन एजंट, असं असेल तर पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा सगळ्यावर पाणी, आणि हे भांडण कामगार आयुक्त ऑफिसला न्यायचं झालं तर हजेरीचे फोटो, लोकेशनचे मेसेज, ग्रुपवरचे आदेश हेच उपयोगाला येतात, म्हणून डिलीट करत बसू नका.

एवढं सगळं वाचून ही लाईन वाईट असं वाटलं असेल तर तसं नाही. सातबारा, फेरफार, एनए ऑर्डर, मंजूर लेआउट, गुंठेवारीची भानगड, सर्च रिपोर्ट, हे एकदा वाचता यायला लागलं की बँका, वकील, होम लोनच्या एजन्सी सगळीकडं काम आहे. स्वतः एजंट व्हायचं असेल तर 2023 पासून महारेराचं ट्रेनिंग करून परीक्षा पास व्हावी लागते, ती नोकरीत असतानाच देऊन टाका, फी कंपनी देते का विचारून बघा, आमच्यातल्या दोघांची दिली.

आणि जॉईन कधी व्हायचं याचा विचार करा, हे मी सगळ्यांना सांगते. बहुतेकांचं प्रोबेशन तीन किंवा सहा महिन्यांचं आणि टार्गेट त्यातच मोजतात. रिझल्ट लागला म्हणून जूनमध्ये जॉईन झालात तर पाऊस, आषाढ, मग नदीची पातळी बघत बसलेले कस्टमर, वर पितृपक्ष, साईटवर चिटपाखरू नाही आणि "परफॉर्मन्स नाही" म्हणून घरी. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आसपास जॉईन झालात तर पितृपक्षात शांतपणे साईट, रेट, कागद पाठ होतात आणि दसरा-दिवाळी तुमच्या प्रोबेशनमध्येच येते. पगाराच्या बोलणीत दोन महिन्यांनी येतो म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही, सेल्सला माणूस त्यांना कायमच पाहिजे असतो.