‘आमच्यात कुणी अध्यक्ष नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सेवाभावी गटांत हे वाक्य मोठ्या अभिमानाने म्हटलं जातं. प्रत्यक्षात बैठकीच्या आदल्या रात्री दोघं-तिघं फोनवर ठरवून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे माना डोलावतात. सामूहिक नेतृत्वातली सगळ्यांत मोठी चूक हीच. पद गेलं, पण अधिकार जिथल्या तिथेच राहिला. आता तो दिसत नाही, म्हणून त्याला जाबही विचारता येत नाही.

पैसे कुणाच्या सहीने निघतील, गटाच्या वतीने बाहेर कोण बोलेल, हे लिहून ठेवा आणि प्रत्येक जबाबदारीला मुदत घाला. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेने १९५०मध्ये स्वीकारलेल्या ‘बारा परंपरां’मध्ये, म्हणजे गट चालवण्याच्या तत्त्वांमध्ये, नेते म्हणजे ‘विश्वासू सेवक’, ते सत्ता गाजवत नाहीत, असं म्हटलं आहे. तरी तिथे जबाबदाऱ्या ठरलेल्या असतात आणि त्या आळीपाळीने फिरतात. समता म्हणजे गोंधळ नव्हे.

दुसरी चूक जास्त बोचरी आहे, कारण ती अध्यात्माच्या आडून होते. कुणी हिशेब विचारला की उत्तर येतं, ‘अहो, सेवेत असे प्रश्न शोभतात का?’ कुणी ‘या महिन्यात जमणार नाही’ म्हटलं की त्याच्या निष्ठेवरच चर्चा सुरू. काहीजण वाद तापला की लगेच प्रार्थनेला उभे राहतात. प्रार्थना होते, वाद तसाच घरी जातो. हिशेब कुणी मागायची वाट न पाहता बैठकीच्या सुरुवातीलाच वाचून दाखवा. रजा घेणाऱ्याला कारण विचारू नका.

गप्प बसलेल्यांना सहमत धरणं हीही नेहमीची चूक. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी कामकाजाच्या सभेत मतदान घेत नाहीत. सभेचा क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, साधारण कौल ओळखून ठरावाचा मसुदा तिथेच वाचून दाखवतो, आणि लोकांना पटेपर्यंत त्यात दुरुस्त्या होतात. इतिवृत्त आठवड्याने ग्रुपवर टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गाडी आधीच रुळावरून घसरली असेल तर गेल्या काही बैठकांतले निर्णय काढा आणि प्रत्येकापुढे तो मुळात कुणी सुचवला ते लिहा. तीच दोन नावं पुन्हा पुन्हा आली, तर सतरंज्या उचलणाऱ्यांपैकी कुणाकडे तरी खरं काम सोपवा: पुढच्या बैठकीची विषयपत्रिका किंवा खर्चाचा अधिकार. आभारप्रदर्शन नव्हे.