माऊसचा स्पीड वेगळा, लाल बटणाचा वेगळा

थिंकपॅडवर लिनक्स टाकलंय आणि टचपॅड, मधलं ते लाल ट्रॅकपॉइंट अन वर यूएसबी माऊस, तिघांचा स्पीड वेगवेगळा हवाय? एक्स११ (स्क्रीन आणि माऊस-कीबोर्ड सांभाळणारी लिनक्सची जुनी सिस्टीम) असेल तर टर्मिनलवर आधी 'एक्सइनपुट लिस्ट' मारा, सगळी डिव्हाइसेस आयडीसकट दिसतात. पण तो आयडी स्क्रिप्टमधे अजिबात टाकू नका, माऊस काढून परत लावला की नंबर बदलू शकतो, मी तसंच केलेलं आणि एक दिवस माऊसऐवजी टचपॅडच उलटं स्क्रोल व्हायला लागलं 😅 त्यापेक्षा पूर्ण नाव द्या. वायरलेस माऊसचं नाव कधीकधी कीबोर्डच्या यादीतपण असतं, मग नावाआधी 'पॉइंटर' आणि कोलन लावायचं.

स्पीडसाठी एक्सइनपुटचीच 'सेट-प्रॉप' कमांड वापरून 'लिबइनपुट ॲक्सेल स्पीड' ला -१ ते १ मधला आकडा द्या, माझं लाल बटण -०.४ वर मस्त चालतं. रीबूटनंतर हे उडतं, कायमचं हवं तर एक्सऑर्गच्या (एक्स११ चालवणारा प्रोग्रॅम) कॉन्फ म्हणजे सेटिंग्जच्या फोल्डरमधे प्रत्येकासाठी वेगळा 'इनपुटक्लास' सेक्शन लिहायचा. वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी सिस्टीम) मात्र एक्सइनपुटचा उपयोग नाही, तिथे केडीई डेस्कटॉप असेल तर त्याच्या सेटिंग्जमधे डिव्हाइस निवडून करता येतं.