टर्बो गाडी कंपनीच्या आकड्याएवढी ताकद देते का? खान्देशात स्वतः कसं मोजावं

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडच्या टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: "भाऊ, हिवाळ्यात गाडी पळायची, आता ओढतच नाही." कुणी पेट्रोलला दोष देतं, कुणी म्हणतं कंपनीचा १२० पीएसचा (पीएस म्हणजे ताकदीचं एकक) आकडाच फुगवलेला आहे. वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं, आणि ते अवघड नाही. वजनकाट्याची पावती, ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाचे आकडे मोबाइलवर पाठवणारं छोटं यंत्र), मोबाइल, सोबत एक माणूस आणि शाळेतलं गणित एवढ्यावर काम भागतं.

आधी कंपनीचा आकडा कशाचा आहे ते पाहा. टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बो पेट्रोलला १२० पीएस किंवा फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयला ११५ पीएस म्हणतात, ती ताकद इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची (इंजिनातून ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यावरची) असते, चाकावरची नव्हे. इंजिन चाचणीच्या बाकावर मोजतात आणि आलेला आकडा २५ अंश तापमान व ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला जुळवून घेतात. चाकापर्यंत पोहोचेस्तोवर गिअरबॉक्स, एक्सल आणि टायर त्यातला साधारण १० ते १५ टक्के वाटा खातात. म्हणजे १२० पीएसच्या मॅन्युअल गाडीच्या चाकावर १०२ ते १०८ पीएस मिळाले तर कंपनीने फसवलेलं नाही. माहितीपत्रकात बीएचपी लिहिलं असेल तर त्याला १.०१४ ने गुणा, पीएस मिळतील. किलोवॅट असेल तर १.३६ ने.

आता आपल्या भागाची गोष्ट. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहेत, त्यामुळे इथला हवेचा दाब चाचणीतल्या दाबाच्या जवळपासच असतो. उंची आपलं काही बिघडवत नाही, बिघडवते ती उष्णता. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बो जास्त फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो, म्हणून कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) फरक फारसा जाणवत नाही. पण वरच्या आरपीएमवर टर्बो आधीच आपल्या मर्यादेजवळ असतो. शिवाय इंटरकूलरमधून (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) येणारी हवा तापलेली असली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी उतरते. उन्हाळ्यातली तक्रार खरी आहे, तिचा दोष मात्र आकड्यावर जातो.

मोजणीची सुरुवात वजनाने करा. जिनिंग मिलजवळच्या किंवा सावदा-रावेरकडे केळीचे ट्रक मोजतात त्या काट्यावर गाडी न्या. मोजणीच्या वेळी जेवढं पेट्रोल आणि जेवढी माणसं असतील, तेवढ्यासकट वजन करून पावती ठेवा. माहितीपत्रकातलं वजन धरू नका, त्यात माणसं नसतात. इथे १०० किलोची चूक झाली तर पुढचा सगळा हिशेब सात-आठ टक्क्यांनी चुकतो.

मग रस्ता. धुळे-जळगाव चौपदरी महामार्गावर गाव, फाटा किंवा ट्रॅक्टरची वर्दळ नसलेला सपाट, सरळ पट्टा पहाटे उजाडल्यावर शोधा. आधी वेगमर्यादेचा फलक पाहा. फलक ताशी १०० किलोमीटरपेक्षा कमी सांगत असेल तर तिथे मोजू नका. सुदैवाने बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच ९० च्या आसपास कमाल ताकदीजवळ पोहोचतात, त्यामुळे मर्यादा मोडायची गरज पडत नाही. डिझेलचा दुसरा गिअर लवकर संपतो, तिथे तिसरा वापरा. काहीही झालं तरी टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या काट्याच्या) लाल पट्ट्यात जाऊ नका. मोबाइल आणि आकडे सोबतचा माणूस पाहील, चालवणाऱ्याने रस्ताच पाहायचा.

स्पीडोमीटर सहसा जास्त दाखवतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. दुसऱ्या गिअरमध्ये जीपीएसवर स्थिर ६० चा वेग धरा आणि आरपीएम लिहून घ्या. समजा ३,६०० आले. मग त्याच गिअरमध्ये ७० म्हणजे ४,२०० आणि ९० म्हणजे ५,४०० आरपीएम. आता वेग मोजायचीच गरज नाही. डोंगलच्या अ‍ॅपमध्ये आरपीएमची नोंद चालू ठेवली की झालं. नोंद सेकंदाला निदान पाच वेळा तरी व्हायला हवी.

दहा मिनिटं संथ चालवून इंटरकूलर थंड होऊ द्या, एसी बंद करा. दुसऱ्या गिअरमध्ये ५० वरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ९० ओलांडताच सोडा. मागे कोणी नाही याची खात्री करून, इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि ९० वरून ७० वर यायला किती सेकंद लागतात ते जीपीएसवर पाहा. हवा आणि टायर किती ताकद खातात हे यातून कळतं. मग वळून त्याच पट्ट्यावर उलट दिशेने हेच करा. हे टाळू नका. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, त्या वाऱ्यात एका दिशेची मोजणी निरुपयोगी आहे. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

हिशेब असा. समजा वजन १,३५० किलो, ७० ते ९० ला (म्हणजे नोंदीत ४,२०० ते ५,४०० आरपीएमला) २.८ सेकंद, न्यूट्रलमध्ये उतरायला २० सेकंद. ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९.४४ मीटर, ९० म्हणजे २५ मीटर. त्यांच्या वर्गांतला फरक २४७. फ्लायव्हील, गिअर आणि चाकं फिरवण्यासाठी दुसऱ्या गिअरमध्ये वजन अंदाजे १० टक्के वाढवून १,४८५ धरा. त्याचं निम्मं गुणिले २४७ भागिले २.८, म्हणजे ६५.५ किलोवॅट. न्यूट्रलसाठी मूळ वजन घ्या: १,३५० चं निम्मं गुणिले २४७ भागिले २०, म्हणजे ८.३. बेरीज ७३.८ किलोवॅट, अर्थात चाकावर सुमारे १०० पीएस. १३ टक्के गळती धरून ०.८७ ने भागलं की क्रँकवर ११५. कंपनीचा आकडा १२० असेल, तर हे उत्तर बरोबरच आलं असं समजा, कारण या पद्धतीत पाचेक टक्के इकडे-तिकडे होणारच. ७० ते ९० ची ही सरासरी असल्याने कमाल आकडा किंचित वरही असू शकतो.

मला यातली सर्वांत उपयोगी वाटते ती तुलना गाडीची तिच्याशीच. जानेवारीच्या पहाटे एकदा, मेच्या दुपारी एकदा, तोच पट्टा, तेवढंच वजन. दोन्ही वेळी अ‍ॅपमधलं इनटेक तापमान (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) लिहून ठेवा. वजनातली किंवा गळतीच्या अंदाजातली चूक दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे फरक स्वच्छ दिसतो.

डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जाणार असाल तर 'करेक्शन'शिवायचा आकडाही मागा. उष्णतेसाठीची दुरुस्ती साध्या इंजिनाला ठीक बसते. टर्बोचा ईसीयू मात्र बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) स्वतःच सांभाळून घेतो, म्हणून तीच दुरुस्ती त्याच्यावर लावली की आकडा फुगतो. गाडीपुढे जोरदार पंखा आहे का तेही पाहा. नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला इंटरकूलर तापून ताकद घसरते.

थंडीतही तूट १० टक्क्यांच्या वर आली, तर अ‍ॅपमधला बूस्ट तपासा. तो नेहमीपेक्षा कमी असेल तर टर्बो ते इंटरकूलर आणि पुढे थ्रॉटलपर्यंतचे होज आणि क्लिपा पाहा; सैल क्लिपेतून दाब सुटतो आणि जोर देताना फुसफुस ऐकू येते. बूस्ट ठीक असून इनटेक तापमान चढत असेल, तर बंपरमागचा इंटरकूलर धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजला आहे का ते बघा. मंद पाण्याने धुवा, जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. एअर फिल्टरही त्याच वेळी काढून पाहा.