शाळेत नाव आधी, सर्टिफिकेट मागून

"बाई, पोराचं सर्टिफिकेट अजून निघालं नाही. मग यंदा शाळेत नको घालू?" माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर विशेष शिक्षिका म्हणून फिरते, तर मे-जूनमध्ये हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. उत्तर एकच आहे. घाला, आणि यंदाच घाला. शाळेत नाव घालायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. जन्माचा दाखला हाताशी नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. प्रमाणपत्र लागतं ते पुढच्या गोष्टींना: खाजगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांना, शिष्यवृत्तीला, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना. त्याच्या वाटेकडे डोळे लावून मूल वर्षभर घरी बसवलं, तर ते वर्ष परत मिळत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. कलम 16 म्हणतं की शाळेने भेदभाव न करता मुलाला घ्यावं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी. कलम 31 म्हणतं की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल, आणि ते जवळच्या साध्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड त्याची. मुख्याध्यापक "तुम्ही त्याला विशेष शाळेतच न्या" म्हणाले, तर तो त्यांचा सल्ला समजा. ठरवायचं तुम्ही.

आता कुठली शाळा? माझं मत आधीच सांगते: घरापासून चालत जाता येईल ती जिल्हा परिषदेची शाळा हा पहिला विचार असावा. तिथे गल्लीतली पोरं असतात, नाव घेऊन हाक मारणारं कुणीतरी असतं. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल वाचायला उशिरा शिकेल, कदाचित फार शिकणारही नाही, पण रांगेत उभं राहणं, डबा उघडणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, भांडणं आणि परत खेळायला जाणं ते याच मुलांकडून शिकतं. मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या कितीतरी मुलांची बुद्धी चांगली तल्लख असते. त्यांना अडवते ती पायरी.

कर्णबधिर आणि अंध मुलांच्या बाबतीत मात्र मी घाईने "साधी शाळा" म्हणत नाही. कर्णबधिर मुलाला भाषा मिळणं हाच पाया आहे, मग ती श्रवणयंत्राने येवो की खुणांच्या भाषेने. चाळीस मुलांच्या वर्गात नुसतं बसवून भाषा येत नाही. अंध मुलाला ब्रेल, काठी घेऊन एकट्याने चालणं, आपलं सामान आपण ओळखणं हे शिकवणारा माणूस लागतो. त्यासाठी सुरुवातीची काही वर्षं विशेष शाळा आणि मग गावातली किंवा तालुक्याची साधी शाळा, ही वाट अनेकांना जमली आहे. आपल्याकडे अशा शाळांची परंपरा जुनी आहे. दादरची अंध मुलींची शाळा 1900 पासून चालू आहे, पुण्यात कोरेगाव पार्कची अंध मुलांची शाळा 1934 पासून. बौद्धिक अक्षमतेसाठी मुंबईत शिवडीची जय वकील शाळा आणि नाशिकची प्रबोधिनी ही नावंही तुम्ही ऐकली असतील.

विशेष शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका. वर्ग चालू असताना जा आणि संडास बघा. मुलं काहीतरी करतायत की नुसती बसवून ठेवलीत, ते बघा. शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही, चांगला शिक्षक नंबर लगेच सांगतो. निवासी शाळा असेल तर रात्री मुलांजवळ कोण असतं आणि आईबापाला कधीही भेटता येतं का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका. आणि जवळच्या शाळेने टाळलं म्हणून सहा वर्षांचं लेकरू दूर ठेवू नका. एवढं कारण त्याला पुरेसं नाही.

साध्या शाळेत नाव घालताना माझी एक पद्धत आहे, ती सगळ्यांना सांगते. एका कागदावर मुलाबद्दल लिहून न्या. आजाराचं नाव एका ओळीत, बाकी सगळं रोजच्या कामाचं. "उजव्या हाताने धरतो. शू लागली की बोट वर करतो. मोठा आवाज झाला की घाबरतो, दोन मिनिटं बाहेर नेलं की शांत होतो. फळ्यावरचं दिसत नाही, जवळून मोठं अक्षर वाचतो. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही." घाबरलेल्या शिक्षकालाही असा कागद वाचून धीर येतो. पहिलीच्या एका बाईंनी तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला होता.

मग काय लागेल ते अर्जात मागा: पहिल्या बाकावर जागा, पाय टेकायला पाट, संडासात धरायला लोखंडी पाइप, वर्ग तळमजल्यावर. उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, असेल तर मोजून बघा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा असेल तर व्हीलचेअर चढत नाही आणि उतरताना पळते. बांधकाम करणाऱ्या गवंड्याला हे माप सांगायला कुणी जात नाही, म्हणून ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोला. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं मुख्याध्यापक बदलून गेले की संपतं.

नाव घातलं की तालुक्याच्या गट साधन केंद्रात या. समग्र शिक्षा योजनेतून तिथे विशेष तज्ज्ञ आणि फिरते विशेष शिक्षक नेमलेले असतात. मोजमाप शिबिरात व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), श्रवणयंत्र मिळतं, मोठ्या अक्षरातली आणि ब्रेलमधली पुस्तकं मागवता येतात. पात्रतेप्रमाणे मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, अंध मुलांना वाचक भत्ता असतो. दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये प्रोत्साहन भत्ता, वर्षातले दहा महिने. रक्कम लहान आहे, पण ती बँकेच्या खात्यात येते, म्हणून खातं आधार जोडून आधी उघडून ठेवा. आणि एक गोष्ट मुख्याध्यापकांना आवर्जून विचारा: शाळेच्या ऑनलाइन माहितीत, म्हणजे यूडायसमध्ये, मुलाची नोंद दिव्यांग म्हणून केली का? तिथे खूण नसेल तर आमच्या यादीत नाव येत नाही, आणि भत्ता का आला नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

ज्याला उठून बसताही येत नाही, अशा अतितीव्र किंवा बहुविकलांग (एकाहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या) मुलाला घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून तो मुलाचा हक्क आहे. त्याचंही नाव जवळच्या शाळेच्या पटावर असलं पाहिजे. मी अशा घरी जाते तेव्हा अर्धा वेळ आईला शिकवण्यात जातो, म्हणजे कुशीवर कसं ठेवायचं, चमचा कसा धरायचा. मेंढरं घेऊन किंवा ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या घरांनी शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, घ्यावं आणि मघाचा कागद त्याबरोबर ठेवावा.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि तपासणी सिव्हिल हॉस्पिटलात. कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर बसतात ते फोन करून विचारल्याशिवाय एसटीत बसू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, म्हणून पहिलीतल्या मुलासाठी धावपळ नको. याउलट सहा वर्षांखालच्या मुलाला एक दिवसही थांबवू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. खाजगी शाळेतल्या त्या 25 टक्के जागांसाठी दिव्यांग मुलाच्या पालकांना उत्पन्नाची अट नाही, पण 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्जाची मुदत थोडी असते. दिवाळीपर्यंत ते हातात असावं.

शाळेने नाहीच घेतलं तर भांडत बसू नका. "प्रवेश देत नाही, कारण काय ते लेखी द्या" एवढा अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते, कारण असं कारण कागदावर लिहायला कुणी धजत नाही. तरीही नाही म्हणाले तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. वकील लागत नाही. पोच घेतलेल्या अर्जांच्या झेरॉक्स जोडा.

आठवी-नववीत आलात की दहावीचा विचार सुरू करा. राज्य मंडळाच्या परीक्षेत दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि विषयांत काही सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मंडळाची वाट जडच जात असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) आहे, म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देण्याची. तिथे पाच विषय, आणि पाच वर्षांत नऊ संधी. विषय एकेक करूनही काढता येतात. मी ती वाट कमी दर्जाची मानत नाही. लेखनिक मात्र खालच्या इयत्तेतला लागतो आणि तो ऐनवेळी मिळत नाही. म्हणून नववीच्या सहामाहीपासूनच शाळेकडून लेखनिक मागा, आणि घरी रोज अर्धा तास मुलाला उत्तर तोंडी सांगायला लावा: कुठे परिच्छेद, कुठे आकृती, कुठे अधोरेखा. डोक्यात असलेलं उत्तर दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायला वेगळा सराव लागतो.