एमआरआयखाली कॅथेटर चालवताना या चुका टाळा

जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांचं कॅथेटरायझेशन (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत कॅथेटर ही बारीक नळी नेणं) पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि दर वेळी क्ष-किरण सोसावे लागतात. म्हणूनच क्ष-किरणांऐवजी रिअल-टाइम एमआरआयखाली, म्हणजे चुंबक आणि रेडिओ लहरींनी त्या क्षणीच दिसणाऱ्या चित्रावर, कॅथेटर चालवणं मोलाचं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने 2003 मध्ये मुलांवर आणि मोठ्यांवर ते करूनही दाखवलं. पण कॅथ लॅबच्या (क्ष-किरणांखाली हे काम होतं त्या खोलीच्या) सवयी जशाच्या तशा स्कॅनरपाशी नेल्या, की घात होतो.

सगळ्यात घातक चूक गाइडवायरची, म्हणजे कॅथेटरला वाट दाखवणाऱ्या तारेची. ‘नायटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) चुंबकाकडे ओढलं जात नाही, मग चालेल’ हा अर्धाच विचार झाला. धातूची लांब तार रेडिओ लहरींसाठी अँटेना बनते. ऊर्जा टोकाशी एकवटते आणि तिथली ऊती भाजू शकते, स्क्रीनवर मात्र काहीच दिसत नाही. तार किती आत गेली आहे, बोअरमध्ये (स्कॅनरच्या बोगद्यात) कुठून फिरली आहे, यावर तापणं बदलतं. त्यामुळे फँटमवर (शरीराच्या जागी वापरायच्या चाचणी-नमुन्यावर) एकदा चाचणी करून भागत नाही. तार वेगवेगळ्या लांबीपर्यंत आत सरकवून फायबर-ऑप्टिक प्रोबने दर वेळी तापमान मोजा. तापणं कमी करायला फ्लिप अँगल (रेडिओ पल्स शरीरातलं चुंबकत्व किती अंशांनी वळवते तो कोन) निम्मा केला तर, पल्स तीच ठेवल्यास, रेडिओ ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. 0.55 टेस्लाच्या कमी ताकदीच्या चुंबकात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) हा धोका बराच उतरतो, म्हणून अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने त्या दिशेने केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि उपकरणावरचा ‘एमआर कंडिशनल’ (ठरावीक अटींवरच एमआरआयमध्ये सुरक्षित) हा शिक्का बघून थांबू नका, त्याखालच्या अटी वाचा. 1.5 टेस्लासाठी दिलेली हमी 3 टेस्लाला लागू होत नाही.

चित्रात कॅथेटरचं टोक हरवलं तर ते पुढे ढकलू नका. फ्लुरोस्कोपीत (क्ष-किरणांच्या हालत्या चित्रात) अख्खं कॅथेटर दिसतं, इथे शरीराचा काही मिलिमीटर जाडीचा एक स्लाइस (काप) दिसतो. त्याला छेदून जाणारा कॅथेटरचा मधलाच भाग टोकासारखा भासतो. आधी स्लाइस हलवा किंवा जाड करा, मगच कॅथेटरला हात लावा. टोक दिसावं म्हणून कॅथेटरच्या टोकाच्या बलूनमध्ये गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारं द्रव्य) भरत असाल तर सलाइनमध्ये भरपूर पातळ करा. द्रावण घट्ट राहिलं तर बलून उजळ दिसण्याऐवजी काळा पडतो.

चुंबकीय क्षेत्रात ईसीजीच्या आलेखातला एसटी हा भाग विकृत होतो, त्यावरून इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) ठरवू नका. रक्तदाबाच्या (प्रेशरच्या) लहरीवर नजर ठेवा.

हृदय थांबलं, तर डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) स्कॅनरच्या खोलीत आणायचा नाही, रुग्णाला बाहेर काढायचं. प्रेशर लाइन कोण सोडवणार, टेबल कोण ओढणार, दारात कोण उभं राहणार, हे नावानिशी ठरवा आणि पहिल्या रुग्णाआधी घड्याळ लावून सराव करा.